गरम पाणी आधी गोठतं म्हणे!

परवा रात्री साडेअकराला मी फ्रीझरचं दार अर्धवट उघडून मोबाईलच्या टॉर्चने दोन स्टीलच्या ग्लासांत डोकावत होते आणि मागून भाचा वैतागून म्हणत होता, "मावशी, दार लाव ना, तुझ्यामुळेच गोठत नाहीये ते!" बारा वर्षांचा आहे, पण म्हणणं बरोबर होतं त्याचं. त्यावर येतेच पुढे.

सुरुवात झाली ती त्याच्याच प्रश्नाने. कुठल्यातरी व्हिडिओत त्याने बघितलं होतं की गरम आणि गार पाणी एकाच वेळी फ्रीझरमध्ये ठेवलं तर गरम पाण्याचा बर्फ आधी होतो. खरंय का, मावशी? आणि मी, कॉलेजात फिजिक्स घेतलेली बाई, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "काहीतरीच काय! गरम पाणी आधी गार पाण्याइतकं गार होणार, मग गोठणार. तोवर गार पाणी काय त्याची वाट बघत बसणारे का?" विषय संपला. तो "बरं" म्हणून निघून गेला, पण ते "बरं" मला रात्री झोपेपर्यंत टोचत राहिलं, कारण त्यात पटल्याचा सूर अजिबात नव्हता, मोठ्या माणसांशी वाद नको एवढाच होता.

मग शोधाशोध केली आणि वाचता वाचता कान गरम झाले माझे. मी जे उत्तर फेकलं होतं ते जवळजवळ तसंच्या तसं १९६३ साली तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, एका फिजिक्सच्या शिक्षकांनी एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला दिलं होतं.

तो किस्सा सांगते, कारण त्यातल्या बारीकसारीक गोष्टीच भारी आहेत. मगाम्बा सेकंडरी स्कूलमध्ये पोरं आईस्क्रीम करायची. पद्धत अशी की दूध उकळायचं, साखर घालायची, रूम टेम्परेचरला येऊ द्यायचं आणि मग फ्रीझरमध्ये सरकवायचं. पण फ्रीझरमध्ये जागा कमी आणि पोरं जास्त, त्यामुळे जागा पकडायला ही पळापळ. एका मुलाने दूध उकळायच्या भानगडीत न पडता तसंच साखर ढवळून ट्रे भरला. म्पेम्बाने बघितलं की आता गार होण्याची वाट बघत बसलो तर शेवटचा ट्रे पण जाणार, फ्रीज बिघडला तर बिघडला, असं म्हणून त्याने गरमागरम दूधच आत ठेवून दिलं. दीड तासाने दोघांनी जाऊन बघितलं तर म्पेम्बाचं गोठलेलं आणि दुसऱ्याचं अजून नुसतं दाटसर दूधच. शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, तुझा काहीतरी गोंधळ झालाय, असं होऊच शकत नाही.

इथे दहातली नऊ पोरं विषय सोडून देतील. त्यानेही तेव्हा मान डोलावली. पण नंतर टांगा शहरात आईस्क्रीम विकणारा एक मित्र त्याला भेटला आणि तो सहज म्हणाला की आम्ही मिश्रण गरमच ठेवतो, लवकर होतं. तिथले बाकीचे विक्रेतेही तसंच करायचे! म्हणजे ज्यांचं पोट त्यावर चालत होतं त्यांना ठाऊक होतं आणि फळ्यावर लिहिणाऱ्यांना नव्हतं. पुढे इरिंगाच्या म्क्वावा हायस्कूलमध्ये न्यूटनचा थंड होण्याचा नियम शिकवत असताना याने परत हात वर केला, आणि तिथल्या सरांनी शेवटी वैतागून सांगितलं की हे म्पेम्बाचं फिजिक्स आहे, जगाचं फिजिक्स नाही. झालं, वर्गाला खेळणं मिळालं. त्यानंतर त्याची गणितात चूक झाली तरी पोरं ओरडायची, "म्पेम्बाचं गणित!"

एका दुपारी बायोलॉजीची लॅब उघडी दिसली, आजूबाजूला कोणी नाही, तर हा आत शिरला. ५० मिलीचे दोन बीकर घेतले, एकात नळाचं पाणी आणि एकात बॉयलरचं गरम, आणि दोन्ही फ्रीझरमध्ये. तासाभराने बघितलं तर पूर्ण कुठलंच गोठलं नव्हतं पण गरमवाल्यात बर्फ जास्त होता. मग दार एस सलाम या टांझानियातल्या मोठ्या शहराच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डेनिस ऑसबॉर्न नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक शाळेत भाषणाला आले, आणि सगळ्यांसमोर उठून या मुलाने विचारलं की दोन सारख्या भांड्यांत सारखंच पाणी, एक ३५ अंशांचं आणि एक १०० अंशांचं, फ्रीझरमध्ये ठेवलं तर १०० वालं आधी गोठतं, ते का? पोरं हसली. ऑसबॉर्ननी नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की त्यांनाही वाटलं हा मुलगा चुकतोय. तरी त्यांनी परत जाऊन आपल्या टेक्निशियनला तो प्रयोग करून बघायला सांगितला. टेक्निशियनचा रिपोर्ट हा माझा या सगळ्यातला सर्वात आवडता भाग आहे. त्याने सांगितलं की गरमवालं खरंच आधी गोठलं, पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू!

१९६९ मध्ये दोघांच्या नावाने 'फिजिक्स एज्युकेशन'मध्ये लेख आला, शीर्षक 'कूल?', आणि तेव्हापासून जग याला म्पेम्बा इफेक्ट म्हणतं. तसं बघायला गेलं तर गोष्ट नवी अजिबात नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की काळ्या समुद्राकाठच्या पाँटसकडचे लोक बर्फावर मासेमारीला बसले की गळाच्या काठ्यांभोवती कोमट पाणी ओततात, म्हणजे ते पटकन गोठून काठी पक्की बसते. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये हेच लिहिलं, फ्रेंच विचारवंत देकार्तने १६३७ मध्ये लिहिलं. पण मधे थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णतेचं शास्त्र, नीट उभं राहिलं आणि "असं कसं होईल" हा प्रश्न इतका ठाम झाला की जुनं निरीक्षण लोक विसरूनच गेले. नव्या ज्ञानाने जुनी माहिती पुसली जाणं हे मला जरा भीतीदायक वाटतं खरं तर.

आता माझ्या त्या उत्तरात भोक कुठे होतं ते सांगते. "गरम पाण्याला आधी गार पाण्याच्या तापमानाला यावं लागेल" हे शंभर टक्के खरं आहे, ८० वरून ० ला जायला वाटेत २५ लागणारच, त्याला कोणी टाळू शकत नाही. गडबड पुढच्या वाक्यात आहे, जे आपण बोलतसुद्धा नाही, मनातल्या मनात धरून चालतो. ते वाक्य असं की २५ ला पोचलेलं गरम पाणी आता हुबेहूब त्या दुसऱ्या ग्लासातल्या २५ च्या पाण्यासारखंच आहे. आणि तसं नसतं! वाटेत ते थोडं कमी झालेलं असतं कारण वाफ होऊन गेली, त्यातली विरघळलेली हवा उडून गेलेली असते, ते आतल्या आत फिरत असतं, वर गरम आणि खाली गार असे थर झालेले असतात, ग्लासाखालचा बर्फ वितळलेला असतो. थर्मामीटरवरचा आकडा एकच, पण पाणी वेगळं. दोन माणसं एकाच स्टॉपवर उभी आहेत म्हणून ती सारखीच दमलेली असतील असं थोडंच असतं.

मग म्हटलं बोलून काय उपयोग, करून बघू. भाच्याला सॉरी म्हटलं (हे अवघड गेलं) आणि दोघांनी मिळून कार्यक्रम आखला. दोन सारखे स्टीलचे ग्लास, प्रत्येकात वजनकाट्यावर मोजून २०० ग्रॅम पाणी, एक नळाचं २५ अंशांचं, एक ८० अंशांपर्यंत तापवलेलं, किचन थर्मामीटर आणि एक वही. वही त्याच्याकडे.

पहिल्या रात्री गार पाणी सरळ जिंकलं. तासाभरात त्याच्यावर दुधावर धरते तशी बर्फाची पातळ साय धरली होती आणि गरमवाल्यात अजून काहीच नव्हतं. मी मनात जरा खूश झाले, खोटं कशाला बोलू. भाच्याने वहीत "गार" लिहिलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या रात्री ग्लास खालच्या खणात ठेवले, जिथे फ्रीझरला आतून भुसभुशीत बर्फाचा थर चढलेला होता. यावेळी गरमवाल्याने गार ग्लासाला जवळजवळ गाठलं, आणि काढायला गेलो तर तो खालून असा चिकटला होता की निघेना. म्हणजे झालं असं की गरम ग्लासाने खालचा भुसभुशीत बर्फ वितळवला, मग ते पाणी परत गोठलं आणि ग्लास थेट गार पत्र्याला घट्ट बसला. भुसभुशीत बर्फात हवा असते, तो लोकरीसारखा काम करतो, उष्णता जाऊ देत नाही. गार ग्लास त्या लोकरीवर बसून राहिला आणि गरमवाल्याने स्वतःची लोकर जाळून टाकली. पाण्याचा त्यात काही गुण नाही हो, ही सगळी ग्लासाखालच्या जमिनीची करामत. जुन्या पद्धतीच्या फ्रीझरमध्ये लोकांना हा इफेक्ट दिसायचा त्यातला बराच भाग हाच असणार असं मला वाटतं. म्हणूनच ऑसबॉर्ननी त्यांच्या प्रयोगात बीकर फोमच्या तुकड्यावर ठेवले होते, खालून काही भानगड नको म्हणून. हुशार माणूस.

तिसऱ्या रात्री आम्ही प्रयोगाआधी आणि नंतर वजन केलं. गरम ग्लासातलं ८ ग्रॅम पाणी गायब. आता हे ८ ग्रॅम म्हणजे चिल्लर वाटतं ना, पण हिशोब करा. २०० ग्रॅम पाणी ८० वरून २५ ला आणायला साधारण ४६ किलोज्यूल (हे उष्णता मोजायचं माप) उष्णता काढावी लागते. म्हणजे गरम ग्लासाच्या डोक्यावर गार ग्लासापेक्षा ४६ चं जास्तीचं ओझं. आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती जाताना सव्वादोन ते अडीच किलोज्यूल घेऊन जाते. ८ ग्रॅम गेले म्हणजे १८-१९ किलोज्यूल, जास्तीच्या ओझ्यातला चाळीस टक्के भाग, नुसता वाफेने उचलला! २० ग्रॅम गेले असते तर सगळंच ओझं उतरलं असतं. आणि वर गोठवायला पाणीही कमी उरलं. कॅनडातल्या जी. एस. केल यांनी १९६९ मध्येच हा हिशोब मांडला होता, की उकळतं पाणी निव्वळ बाष्पीभवनाने शून्यापर्यंत आलं तर त्याचं वजन सुमारे १६ टक्क्यांनी घटतं.

अजून एक आकडा मला आधी लक्षात आला नव्हता. २५ वरून ० ला यायला २१ किलोज्यूल लागतात, पण शून्यावर पोचल्यानंतर त्या २०० ग्रॅमचा पूर्ण बर्फ करायला अजून ६७ लागतात. तोच तो अप्रकट उष्मा, शाळेत पाठ केलेला, तापमान न बदलता जाणारा. म्हणजे गार ग्लासाचा एकूण प्रवास ८८ आणि गरमवाल्याचा १३४. डोळ्यांना वाटतं की एक ८० वर आहे आणि एक २५ वर, म्हणजे तिप्पट लांब आहे बिचारा, पण प्रत्यक्षात दीडपट. शर्यतीतला सगळ्यात लांब आणि रटाळ टप्पा दोघांना सारखाच आहे, शून्य अंशाच्या सपाटीवर रखडायचा. त्यामुळे बाकीच्या छोट्या छोट्या गोष्टींनी निकाल फिरायला जागा उरते.

पण नुसत्या वाफेवर भागत नाही. ऑसबॉर्नना ९० अंशांच्या आसपासचं पाणी २५ च्या पाण्यापेक्षा लवकर गोठायला लागताना दिसलं, पण वाफ होऊन कमी झालेलं पाणी हे त्याचं मुख्य कारण नाही असं त्यांचं मत झालं. त्यांचा संशय पाण्यात आतल्या आत फिरणाऱ्या प्रवाहांवर होता. गरम पाणी गार होताना वरचा थर गरमच राहतो कारण खालून गरम पाणी सतत वर येत असतं, आणि उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः वरूनच, मग डोकं गरम राहिलं तर ती जास्त वेगाने जाते. कोमट पाण्यात हे फिरणं मंद असतं. आणि त्यात ४ अंशांची मेख आहेच, ४ ला पाणी सर्वात जड असतं, त्याखाली गार झालेलं पाणी बुडायच्या ऐवजी वर तरंगायला लागतं आणि सगळा प्रवाहच उलटा होतो. या एका पदार्थाने जेवढे नखरे केलेत तेवढे कोणीच केले नसतील.

चौथ्या रात्री जे झालं त्यावर मी अजून खूश आहे. यावेळी आम्ही झाकणाचे दोन पारदर्शक प्लास्टिकचे डबे घेतले, एकात उकळून कोमट केलेलं पाणी आणि एकात साधं गार. दार उघडायचं नाही असा नियम भाच्याने केला. अडीच तासांनी बघितलं तर उकळलेल्या पाण्यात चांगला बर्फ धरलेला आणि गारवाला डबा मात्र स्वच्छ पाणी, जराही बर्फ नाही. मी म्हटलं हा खण बंद पडलाय की काय. भाच्याने डबा उचलला आणि बघायला म्हणून हलवला, आणि आमच्या डोळ्यांसमोर एका कोपऱ्यातून पांढऱ्या सुया निघाल्या, पिसासारख्या पसरत गेल्या आणि दोन-तीन सेकंदांत पूर्ण डबा धुरकट होऊन गेला. दोघंही ओरडलो. परत करून दाखव म्हणाला, आता ते काय माझ्या हातात आहे का राव!

हे सुपरकूलिंग. पाणी शून्याखाली गेलं तरी ते लगेच गोठत नाही, त्याला सुरुवात करायला कुठेतरी एक बी लागतं, धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, काहीही. नाही मिळालं तर उणे ५, उणे ८, त्याहूनही खाली ते पाणीच राहतं. अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब तर उणे ३८ च्या आसपासपर्यंत टिकतात. आणि मग एकदा धक्का बसला की सुया सुटतात आणि तापमान खटकन उडी मारून शून्यावर येतं, कारण गोठताना बाहेर पडलेली उष्णता उरलेल्या पाण्याला गरम करते. गंमत म्हणजे उणे ५ वरून असं झालं तर जेमतेम ६ टक्के पाण्याचाच बर्फ होतो, बाकी पाणीच. म्हणून तो डबा बर्फासारखा दिसत होता पण हलवला तर आत खिचडी.

आणि इथेच सगळ्या वादाची किल्ली आहे असं मला वाटायला लागलंय. १९९५ मध्ये डेव्हिड आउअरबाख यांनी हेच मांडलं, की गार पाणी खूप खोल सुपरकूल होत राहिलं आणि गरमवालं थोडक्यात सुपरकूल होऊन गोठलं तर गरमवालं आधी बर्फ धरेल, त्यात चमत्कार काही नाही. पण कोण किती खोल जाईल हे त्या भांड्यातल्या एखाद्या कणावर ठरतं! त्या चौथ्या रात्री डब्यांची अदलाबदल केली असती तर निकाल बहुतेक उलटा आला असता. आमचा थर्मामीटर पाण्यात असता तर त्याच्याच टोकावर बर्फ धरला असता. मोजायला गेलं की बिघडतं, असं कायकाय असतं बघा.

मग "आधी गोठलं" म्हणजे नक्की काय, हा प्रश्न आला. शून्याला पहिल्यांदा पोचलं ते? पहिली साय धरली ते? पूर्ण दगड झालं ते? तिन्हींचे विजेते वेगळे असू शकतात आणि मी वाचलेल्या निम्म्या भांडणांमध्ये दोन माणसं दोन वेगळ्या शर्यतींबद्दल बोलत होती. २०१६ मध्ये हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांनी फक्त पहिला प्रश्न घेतला, शून्याला कोण आधी पोचतं, आणि काळजीपूर्वक प्रयोग करून सांगितलं की गरम पाणी आधी पोचल्याचा ठोस पुरावा नाही. वर त्यांनी हेही दाखवलं की दोन भांड्यांत थर्मामीटरच्या उंचीत सेंटीमीटरभराचा फरक पडला तरी नसलेला म्पेम्बा इफेक्ट कागदावर उगवू शकतो. एक सेंटीमीटर! आम्ही तर थर्मामीटर हातात धरून बुडवत होतो.

याच्या चार वर्षं आधी, २०१२ मध्ये, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने सर्वात चांगल्या स्पष्टीकरणाला १००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, तर २२ हजार उत्तरं आली. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या निकोला ब्रेगोविच यांना बक्षीस मिळालं, त्यांनी प्रवाह आणि सुपरकूलिंग यांना महत्त्व दिलं होतं. पण बक्षीस दिल्याने प्रश्न मिटला असं काही झालं नाही.

मग याला खोटं म्हणायचं का? मी तसं म्हणणार नाही, एकदा हात पोळलेत. माझं मत असं झालंय की गरम पाणी लवकर गोठतं असा नियम नाही, पण कधीकधी गोठतं हे खरं आहे, आणि दर वेळी कारण वेगळं असतं. ज्यांना एकच कारण हवंय त्यांची चिडचिड होणार.

शिवाय आता ही कल्पना पाण्याच्या बाहेर पडलीये, तो भाग वाचून तर मी सपाट झाले. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. त्यात बर्फ नाही, फ्रीझर नाही. पाण्यात काचेचा एक सूक्ष्म मणी, मिलिमीटरच्या हजारातल्या दीड भागाएवढा, आणि त्याला लेझरने अशा जागेत धरायचं की त्याला जणू दोन दऱ्या जाणवतील, एक खोल, एक उथळ, मधे टेकडी. मणी 'गरम' म्हणजे सगळीकडे उधळलेला, 'कोमट' म्हणजे बऱ्यापैकी दऱ्यांत बसलेला. आता शेवटी 'गार' अवस्थेत मण्याने दोन दऱ्यांत किती किती वेळा सापडायला हवं याचं एक प्रमाण ठरलेलं असतं. कोमट मणी आधीच दऱ्यांत असतो पण चुकीच्या प्रमाणात, आणि ते सुधारायला त्याला टेकडी चढून पलीकडे जावं लागतं, ज्यात वेळ जातो. गरम मणी सगळ्या जागेत पसरलेला असतो, आणि जागेची लांबी-रुंदी नीट निवडली तर तो घसरतानाच दोन्ही दऱ्यांत अगदी बरोबर प्रमाणात पडतो, टेकडी चढायची गरजच नाही. म्हणजे जो जास्त लांब होता तो आधी पोचला, कारण जवळचा आधीच चुकीच्या खड्ड्यात बसलेला होता.

इथे वाफ नाही, हवा नाही, चिकटलेला ग्लास नाही, तरी म्पेम्बा आहे. आणि माझ्या त्या बेफिकीर उत्तरातलं भोकही इथे स्वच्छ दिसतं, की तापमानाच्या एका आकड्याने वस्तूची सगळी अवस्था कळत नाही, निदान ती वस्तू पूर्ण स्थिरावलेली नसेल तोवर तरी नाही. २०२४ मध्ये तर ऑस्ट्रियात आयनांच्या साखळीत क्वांटम म्पेम्बा पण बघितला लोकांनी, ते मला पूर्ण झेपलेलं नाही त्यामुळे त्यावर गप्प बसते.

भाच्याला मण्याची गोष्ट सांगितली तर तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे व्हिडिओवाला पण चुकला आणि तू पण चुकलीस." बरोबर. एका वाक्यात. मी दोन आठवडे घातले याच्यात.

आता तुम्ही कोणी करून बघणार असाल तर एवढं ऐका, काचेच्या ग्लासात उकळतं पाणी ओतून फ्रीझरमध्ये ठेवू नका, तडकतो. आणि दोन्ही ग्लास एकाच वेळी ठेवले की गरमवाला शेजारच्या गारवाल्याला पण तापवतो, आणि फ्रीझरच्या सेन्सरला गरम हवा लागली की कॉम्प्रेसर जोरात चालू होतो, म्हणजे गरम ग्लास स्वतःच्या सोयीने फ्रीझरच जास्त गार करून घेतो. ही शर्यत म्हणजे एक धावपटू धावताना ट्रॅकच बदलत चाललाय अशी आहे. एकेक करून ठेवले तर जरा न्याय होईल, पण मग पूर्ण रात्र जाते. दार मधे मधे उघडलं तर सगळंच ओम भट स्वाहा, ते तर मी अनुभवाने सांगते.

काल तो घरी जाताना वही इथेच विसरला. सात ओळी आहेत त्यात, सुवाच्य अक्षरात, तारीख, तापमान, वजन आणि शेवटच्या रकान्यात "कोण जिंकलं". गार. जवळपास टाय. गार. गरम (हलवल्यावर दुसरं पण). गार. गरम. आणि सातव्या ओळीत, परवाच्या रात्रीपुढे, त्याने फक्त लिहिलंय: "मावशीने दार उघडलं."